बीदर-कलबुर्गीच्या माळावरील वीज : एका तपाचा मागोवा

1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे निजामी अमलाखालून आलेले जिल्हे म्हैसूर राज्यात सामील झाले आणि बीदरचेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी घरांच्या सोयरिकी सरहद्दीच्या दोन्ही अंगांना वाटल्या गेल्या. विजेची सरहद्द मात्र वेगळी होती. दक्षिणेची ग्रीड उर्वरित भारताच्या ग्रीडशी एकताल नव्हती; 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी प्रवाहित झाली, तेव्हाच हा भेद मिटला.

पुढच्याच वर्षी कर्नाटकाने सौरधोरण जाहीर केले. शेतकऱ्यांना 1 ते 3 मेगावॅटचे प्रकल्प देण्यात आले, आणि पुढे तालुक्याला 20 मेगावॅटपर्यंतची योजना निघाली. त्या काळात चर्चा होती ती पहाणीचा उतारा, भाडेपट्टा, बिनशेतीची दरखास्त आणि युनिटचा दर यांचीच. संयंत्राचा स्वभाव कोणी विचारला नाही, आणि एवढ्याशा क्षमतेपुरते ते क्षम्यही होते.

हा स्वभाव का विचारावा, ते तुलनेने कळते. रायचूरच्या औष्णिक केंद्रातील जनित्राचा अवजड फिरता भाग ग्रीड डगमगली तरी आपल्या जडत्वाने क्षणभर तिला सावरतो. सौर संयंत्राची वीज ग्रीडला देणाऱ्या इन्व्हर्टरला असे जडत्व नसते. तो ग्रीडची लहर मोजून तिच्या मागोमाग चालतो, आणि जिथे मोठी जनित्रे दूर व वाहिन्या लांब, तिथे त्याने सोडलेला प्रवाहच त्या लहरीला ढवळू लागतो, म्हणून अनेक इन्व्हर्टर एकत्र आले की दोलने उद्भवतात. 16 ऑगस्ट 2016 रोजी कॅलिफोर्नियात वणव्यामुळे वाहिनीवर दोष उद्भवला, तेव्हा सुमारे 1,200 मेगावॅट सौरवीज अकस्मात गळाली, कारण कित्येक इन्व्हर्टरांनी क्षणिक विकृत लहरीवरून वारंवारता चुकीची मोजली होती. पुढच्याच महिन्यात दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात बुडाला; तेथील पवनक्षेत्रांतील संरक्षण-मर्यादा ग्रीडचालकांच्या संगणकीय मॉडेलांत उतरलेलीच नव्हती.

भारतात 2013 आणि 2019 च्या दुरुस्त्यांनी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने दंडक घातला, की दाब 15 टक्क्यांपर्यंत घसरला तरी 300 मिलिसेकंद संयंत्राने जोडलेलेच राहावे. संयंत्राचे असे मॉडेलही आता जोडणीपूर्वी द्यावे लागते. परंतु खरी नियंत्रण-आज्ञावली हे कारखानदाराचे गुपित असते, आणि दफ्तरी पोहोचतो तो बहुधा मोहोरबंद गठ्ठा. आत काय आहे ते न पाहता केवळ पोच देणारा कारकून आणि असे मॉडेल मान्य करणारा अभियंता यांत मला फारसा भेद दिसत नाही.

आता बीदर जिल्ह्यात 2500 मेगावॅटच्या सौरक्षेत्रासाठी 765 किलोव्होल्टच्या उपकेंद्राची योजना 2024 मध्ये मार्गी लागली आहे. तालुक्याला 20 मेगावॅट असतानाची बेफिकिरी येथे परवडणार नाही. जोडणी देणाऱ्यांनी पहिल्या दोषाची नोंद हाती येताच मॉडेल तिच्याशी ताडून पाहावे, आणि जे जुळत नाही ते दुरुस्तीसाठी मालकाकडे मुदत घालून परत धाडावे.