कनूभाईंचा कॅमेरा

सेवाग्रामला तुम्ही गेलाच असाल. बापूकुटीत सारवलेल्या जमिनीवर घटकाभर बसून पाहा. भर दुपारीही तिथं उजेड बेताचाच. अशा उजेडात कनू गांधी फोटो काढीत.

कनूभाई हे बापूंचे चुलतपुतणे नारणदास यांचे चिरंजीव. आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशेब पाहत. १९३८ च्या सुमारास त्यांना फोटो काढण्याची परवानगी मिळाली, पण तीन अटींवर. फ्लॅशचा दिवा उडवायचा नाही, कुणाला फोटोसाठी बसवायचं नाही आणि आश्रमाचा पैसा लावायचा नाही. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा. एका फिल्मवर फोटो बाराच.

आता अडचण पाहा. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवायची. तेवढ्यात माणूस हलला की चित्र पुसट! बरं, ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नाही. म्हणजे वाट पाहणं आलं.

शिक्षक मित्रांनो, मला विचाराल तर दुसरी अट सर्वांत कठीण, आणि संकटातल्या माणसांपुढे तर फारच. घर जळालेल्या बाईला ‘इकडे उजेडात या’ असं कोणत्या तोंडानं सांगावं? पण फोटोच काढले नाहीत तर दूरच्यांना कळणार कसं? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी उपाशी माणसांचे फोटो काढले, ते छापून आले, तेव्हा कितीतरी लोकांना त्या भुकेचं रूप दिसलं.

कनूभाईंना बापूंनी एकदा मात्र थांबवलं. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान महाल. कैदेतल्या आजारी बांच्या शुश्रूषेसाठी कनूभाई तिथं होते. बांचं डोकं बापूंच्या मांडीवर, अखेरची घटका. तो फोटो काढू दिला नाही.

पुढं १९४६ च्या ऑक्टोबरात नोआखालीत दंगली पेटल्या. बापू तिथं गेले, सोबत्यांना त्यांनी निरनिराळ्या गावी वस्तीला ठेवलं. त्यांत कनूभाईही होते. तिथं धीर देण्याचं काम आधी, कॅमेरा मागून. बापू परतले तरी कनूभाईंचं तिथलं काम सुटलं नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बापूंना आधार देऊन चालणाऱ्या दोघींपैकी एक कनूभाईंच्या पत्नी आभाबेन होत्या. कनूभाई त्या दिवशी नोआखालीतच होते.