नंबर बदलला की नक्कल अडते

जमिनीचा नंबर बदलला म्हणजे काय होते, हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये ज्या गावांत योजना लागू झाली, तेथे सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. मग जुन्या खरेदीखतावर एक नंबर, सातबाऱ्यावर दुसरा. दोहोंचा मेळ दाखवणारे पत्रक मिळाले तर काम भागते; नाही तर हेलपाटे आलेच.

संगणकाच्या दप्तरालाही हेच दुखणे जडते. तेथे प्रत्येक नोंदीला ओळखीचा एक नंबर असतो, त्याला प्रायमरी की म्हणतात. मूळ दप्तराची नक्कल दुसऱ्या संगणकावर ठेवतात आणि मुळातला प्रत्येक फेरफार तिच्याकडे आपोआप धाडतात, हे रेप्लिकेशन. नक्कल सांभाळणारा संगणक मोठा इमानी, पण स्वतःची अक्कल न चालवणारा. समजा, 112 चा 457 झाला आणि ‘457 वर कर्जाचा बोजा चढव’ असा निरोप आला. नकलेत अजून 112 च असेल, तर संगणक अडून बसतो, किंवा निरोप सोडून पुढे चालतो. हे दुसरे अधिक वाईट. कोणाला पत्ता लागत नाही, आणि नकलेवरचा उतारा पाहणाऱ्याला जमीन बिनबोजाची दिसते!

अशा वेळी प्रथम नकलेकडे जाणारे निरोप थांबवावेत आणि दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहाव्यात. नुसती संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. नंबर बदलल्याच्या निरोपाबरोबर जुना नंबरही गेला होता का, हे मुख्य. काही ठिकाणी असा बदल म्हणजे जुनी नोंद काढणे व नवी घालणे असे धरतात. मग जुन्या नोंदीला जोडलेली पीकपाहणीही तिच्याबरोबर नाहीशी होऊ शकते. 112 आणि 113 ची एकेक करून अदलाबदल करू गेल्यास पहिल्याच पायरीला अडते, कारण 113 वर आधीच कोणी बसलेला असतो. मध्ये एक रिकामा नंबर घ्यावा लागतो. नक्कल फारच बिघडली असेल, तर खाडाखोड करण्यापेक्षा ती मुळावरून नव्याने उतरवून घेणे बरे.

शिक्षकमंडळींना यावरचा उपाय चटकन उमगेल. हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलतो, म्हणून शाळेच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर घालतात. संगणकातही नोंदीला असाच, शाळेबाहेर कोणाला अर्थ नसलेला, कायमचा नंबर द्यावा आणि गट नंबर शेजारच्या रकान्यात ठेवावा. तो मग खुशाल बदलो. जुन्या-नव्या नंबरांचे कोष्टक मात्र जपून ठेवावे. जुनी खरेदीखते त्याच्यावरूनच लावावी लागतात.