इलेक्ट्रिक गिटार घेताना लाकूड नव्हे, फ्रेट पाहा

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत वाद्याची पारख म्हटले की नजर आपसूक मिरजेकडे जाते. पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात सतार-तानपुरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगला वाळलेला भोपळा, मुरलेले लाकूड आणि जाणत्या हाताने घोडी घासून काढलेली जवारी यांवर तिथे वाद्याचा कस लागतो, आणि ते योग्यच आहे. अडचण येते ती हाच निकष इलेक्ट्रिक गिटारला लावल्यावर. कळंब्यातल्या एखाद्या घरात मुलीसाठी जुन्या घाटाची, म्हणजे टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टर वळणाची, खिशाला परवडेल अशी गिटार घ्यायची ठरते. ‘लाकूड कोणते?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘कंपनी कोणती?’ हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न खरे तर सगळ्यात शेवटी विचारायचे आहेत.

सतारीत तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली हवेला हलवते आणि आपल्याला नाद ऐकू येतो. तिथे लाकूड स्वतः गाते. इलेक्ट्रिक गिटारची भरीव फळी हवेला जवळजवळ हलवतच नाही. तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबकांभोवती सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विजेचा क्षीण दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर अ‍ॅम्प्लिफायर गप्प राहतो. पुढचा स्वर घडतो तोही विजेच्या वाटेवर. अडीच हेन्री प्रेरकत्वाचा पिकअप आणि 300 पिकोफॅरड धारितेची छोटी केबल जोडली, तर अनुनाद 5,800 हर्ट्झच्या आसपास येतो. केबल लांब होऊन धारिता 1,000 पिकोफॅरडवर गेली की तोच 3,200 हर्ट्झपर्यंत उतरतो आणि आवाजातली धार बोथट होते. एक केबल बदलून एवढा फरक पडत असेल, तर लाकडाच्या जातीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी थांबायला हवे.

‘स्वस्तातली प्रत म्हणजे मूळ रचनेशी तडजोड’ हा समजही इतिहासाला धरून नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. 1950 च्या सुमारास त्यांनी जी गिटार बाजारात आणली, तिची रचनाच कारखान्यात झटपट आणि कमी खर्चात तयार व्हावी अशी होती: सपाट फळीचे धड, आणि सरस न लावता चार स्क्रूंनी बसवलेली मान. हीच पुढे 1951 मध्ये टेलिकास्टर झाली. 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. आज अभिजात वाटणारा हा घाट काटकसरीतून जन्मला. त्याचा फायदा आजही मिळतो. पिकअप, खुंट्या, घोडी, सगळे सुटे भाग ठरावीक मापांत मिळतात आणि घरी बदलता येतात.

मग स्वस्त आणि महाग गिटारमध्ये फरक कुठे पडतो? या घाटाच्या गिटारमध्ये तारेची लांबी 648 मिलिमीटर असते. मानेवर आडवा बसवलेला धातूचा प्रत्येक फ्रेट उरलेली लांबी 1.0595 ने भागतो; पहिला फ्रेट 36.4 मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. विसाव्या फ्रेटला तारेची लांबी जेमतेम 204 मिलिमीटर उरते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर स्वर चार सेंटने हलतो. अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट, आणि पाच-सहा सेंटचा फरक तयार कानाला खटकतो. पण फ्रेटच्या खाचा आता सीएनसी यंत्रावर पडतात. त्या यंत्राची अचूकता गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांना वेगळी सांगायला नको. खाचांची जागा स्वस्त गिटारमध्येही सहसा बरोबरच असते. कंपनी वाचवते ते माणसाचे तास. फ्रेट एका पातळीत घासणे, त्यांची टोके गोल करणे, मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पट्टीतील तारांच्या खाचा योग्य खोल करणे ही कामे हाताची आहेत, आणि तिथेच घाई होते. मिरजेची पारख इथे वेगळ्या अर्थाने खरी ठरते: जवारीसारखेच इथेही मोल हाताचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, लाकडाचा परिणाम शून्य कसा असेल? तो शून्य नाही. जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर यांनी 1990 च्या दशकात केलेल्या मोजमापांत दिसले की मानेचे कंपन काही ठिकाणी तारेची ऊर्जा ओढून घेते आणि तिथला स्वर लवकर विझतो. पण हा दोष त्या-त्या मानेच्या ताठरपणावर आणि वजनाच्या वाटणीवर अवलंबून असतो. तो लाकडाच्या नावावरून कळत नाही, प्रत्येक फ्रेटवर तार छेडूनच कळतो. दुसरा आक्षेप पिकअपचा. एकाच वेटोळ्याचे (सिंगल-कॉइल) पिकअप घरातल्या 50 हर्ट्झ विजेची गुणगुण पकडतात, हे खरे. मात्र हा रचनेचा गुणधर्म आहे, महागड्या गिटारमध्येही तो असतो. गुणगुण नकोच असेल तर एकमेकांच्या उलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप, म्हणजे हंबकर, घ्यावा. शिवाय पिकअप नंतर बदलता येतो, वाकडी मान सरळ करायला मात्र गिटारच्या किमतीइतका खर्च येऊ शकतो.

कळंब्याच्या हवेचाही विचार हवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरते; एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आडवे आकसते, पण धातू आकसत नाही. मग फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन बोटाला बोचतात. दुकानात मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला तरी हे समजते. मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावे, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून खरखर ऐकावी, बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळतो का तपासावे. थोडा फरक घोडीचा स्क्रू फिरवून निघतो: दोन मिलिमीटरला सुमारे पाच सेंट. सगळे पैसे गिटारवर न संपवता त्यातला एक वाटा जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घेण्यासाठी राखून ठेवावा. आणि गिटारच्या तारा केबलमार्फत अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणून घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. नाव आणि लाकूड यांसाठी जादा पैसे मोजण्याची वेळ या सगळ्यानंतर येते, आणि शिकणाऱ्याच्या हातात नीट बसवलेली साधी गिटार असेल तर ती बहुधा येतच नाही.