अपरादित्य, पहिला

अपरादित्य, पहिला : (कार. सु. ११२७–४८). उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील एक पराक्रमी राजा, मुत्सद्दी व धर्मशास्त्रकार. ‘अपरार्क’ या नावानेही प्रसिद्ध. अनंतपाल (पहिला अनंतदेव) याचा हा पुत्र. उल्हास नदीचे खोरे, म्हणजे आजचा अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगरचा परिसर, या घराण्याच्या राज्यात मोडत असे. अंबरनाथचे सुप्रसिद्ध शिवालय याच घराण्यातील मुम्मुणिराजाच्या कारकीर्दीत शके ९८२ (इ. स. १०६०) मध्ये पूर्ण झाले, असे तेथील शिलालेखावरून दिसते.

मंदिर उभारणीचा हा काळ वैभवाचा वाटला, तरी पुढील अर्धशतकात राज्याची घडी विस्कटली. भाऊबंदकी व परकीय स्वाऱ्या यांमुळे प्रजेला सोसाव्या लागलेल्या हालांचे उल्लेख अनंतपालाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात आहेत. त्याने राज्य सावरले. पण गोव्याच्या कदंबांचा दाब कायम राहिला. कल्याणीच्या चालुक्य सम्राटाचा जावई असलेला दुसरा जयकेशी हा ११२५ च्या सुमारास ‘कवडीद्वीपा’वर, म्हणजे उत्तर कोकणावर, आपली सत्ता असल्याचे सांगतो. शिलाहारांचे राज्य जवळजवळ बुडाले होते, असाच याचा अर्थ होतो.

या स्थितीतून अपरादित्याने राज्य परत मिळविले. त्याच्या शके १०४९ (११२७) च्या वडवली ताम्रपटात छित्तुक्क नावाच्या ‘असुरा’ने केलेल्या आक्रमणाचे वर्णन आहे. सामंत शत्रूला मिळाले, धर्म लोपला, वडीलधाऱ्यांचा छळ झाला. अशा वेळी घोडा, खड्ग व बाहुबळ एवढ्यांवरच विसंबून अपरादित्य शत्रूवर चालून गेला आणि छित्तुक्काला पळता भुई थोडी झाली. हे दरबारी कवीचे वर्णन आहे, तेव्हा त्यातील एकाकी वीराचे चित्र अक्षरशः घेण्याचे कारण नाही. मात्र सामंतांच्या फितुरीची कबुली राजप्रशस्तीत सहसा आढळत नाही, म्हणून तेवढा भाग विश्वसनीय मानावा लागतो. छित्तुक्क हा कदंबांचा सेनापती किंवा मांडलिक असावा. यानंतर अपरादित्याने आपला पुत्र विक्रमादित्य याला दक्षिणेस प्रणालक (दापोली तालुक्यातील पन्हाळे) येथे नेमले. विक्रमादित्याचा शके १०६१ (११३९) चा ताम्रपट तेथे मिळाला आहे. कदंबांच्या बाजूची सीमा राजपुत्राच्या हाती देण्यातील धोरण उघड आहे.

राज्य स्थिरावल्यावर अपरादित्याने दूरच्या दरबारांशी संबंध जोडले. काश्मीरचा राजा जयसिंह (कार. ११२८–५५) याचा मंत्री अलंकार याच्या घरी भरलेल्या विद्वत्सभेत कोकणच्या अपरादित्याचा दूत तेजकंठ उपस्थित होता, असे अलंकाराचा बंधू मंख याने आपल्या श्रीकंठचरित या काव्याच्या अखेरच्या सर्गात नमूद केले आहे. त्याच सभेत कनौजच्या गोविंदचंद्राचा दूत सुहल हाही होता. गोविंदचंद्राच्या आश्रयाने लक्ष्मीधराने कृत्यकल्पतरु हा बृहद् धर्मनिबंध रचला, हे लक्षात घेता दोन्ही दरबारांची विद्याविषयक आवड सारखीच दिसते.

अपरादित्याची कीर्ती आज मुख्यतः याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याच्या टीकेमुळे आहे. नावाने टीका असली, तरी स्मृती व पुराणे यांतील विपुल उताऱ्यांमुळे तिला निबंधग्रंथाचे स्वरूप आले आहे. थोड्याच काळापूर्वी कल्याणीस रचल्या गेलेल्या मिताक्षरेत पुराणवचनांचा असा विस्तार नाही. ग्रंथाच्या समाप्तिलेखात कर्ता स्वतःस जीमूतवाहनाच्या वंशातील शिलाहार नरेंद्र म्हणवितो. राजाच्या नावावर पंडितांनी लिहावे, ही प्रथा त्या काळी होतीच; येथे तसे घडले किंवा कसे, हा प्रश्न उरतो. ११८७ च्या परळ शिलालेखातील दुसरा अपरादित्य हा कर्ता असावा, असेही एक मत आहे. परंतु महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ग्रंथाचा काळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला असून मंखाचा उल्लेख त्यास पोषक आहे. कोकणात रचलेला हा ग्रंथ काश्मीरमध्ये प्रमाण मानला गेला. तेजकंठाच्या दौत्याबरोबरच तो तिकडे पोहोचला असावा, असे अनुमान केले जाते. भासर्वज्ञाच्या न्यायसारावरील न्यायमुक्तावली ही टीकाही अपरार्काच्या नावावर आहे.

अपरादित्यानंतर हरिपालदेव गादीवर आला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १९०३–०४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली.