पूल नसलेले बेट

सोलापुरात तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, ही व्याख्या फळ्यावर किती वेळा लिहिली असेल त्याचा हिशेब नाही. दरवर्षी एखादा तरी मुलगा हात वर करून विचारायचाच, "मग सर, आपले सिद्धेश्वराचे देऊळ बेटावर आहे का?" मी "आहे" म्हणायचो आणि वर्ग खूश व्हायचा. खरे सांगायचे तर निवृत्त होईपर्यंत हे सर स्वतः कुठल्याच बेटावर एक रात्रही राहिलेले नव्हते.

ती वेळ आली 2024 च्या मार्चमध्ये, आणि तिला कारण झाल्या आमच्या वहिनी. थोरले बंधू वर्षभर अंथरुणाला खिळून होते. वहिनींनी त्यांचे सगळे केले. ते गेल्यावर घरात माणसांची ये-जा झाली, दिवस झाले, वर्षश्राद्ध झाले. आणि मग एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता चार दिवस कुठेतरी पाणी बघायला न्या. पण गर्दीत नको हं."

ही दुसरी अट मला चांगलीच झोंबली. त्याला मागचा अनुभव होता. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. गाडी लावायला जागा नाही, जेवायला रांग आणि रात्री दोन वाजेपर्यंत ध्वनिवर्धक. चार दिवसांची सहल दोन दिवसांत आटोपली. तेव्हा जागा निवडली नव्हती, जिचे नाव कानावर होते तिकडे गेलो होतो. या वेळी मात्र निवडायची असे ठरवले.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझा भाचा जर्मनीत असल्याच उद्योगात होता. त्याला वसंतात ग्रीसच्या एखाद्या बेटावर जायचे होते. ग्रीसचे बेट म्हटले की आपल्याला सांतोरिनी आठवते. पांढरी घरे, निळे घुमट, सगळ्या कॅलेंडरांवर असते ते. भाचा म्हणाला, "मामा, तिथे मोठमोठ्या जहाजांतून एकेका दिवशी हजारो माणसे उतरतात. मी सिफनोसला जातोय." हे नाव मी भूगोलाचा मास्तर असूनही ऐकले नव्हते. का निवडले विचारले, तर त्याने कारणे सांगितली. तिथे विमानतळ नाही, बोटीनेच जावे लागते. लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीची भांडी करतात. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात छोले घालून ते लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चमधून आल्यावर खातात. पाहुणा नसला तरी गाव हे करणारच. मात्र उन्हाळ्याच्या हंगामाआधी बोटी कमी असतात आणि बरीच हॉटेले बंद असतात, म्हणून ईस्टर कधी आहे ते पाहून, आधी विचारून मग जायचे.

फोन ठेवल्यावर मी त्याचे बोलणे वहीत उतरवून काढले. मास्तरकीची सवय. त्यातून माझ्या हाती प्रश्न आले ते असे: तिथे पोचणे कितपत अडचणीचे आहे? पर्यटक नसताना गाव काय करते? आणि गावाचे सणवार कधी असतात? हे प्रश्न ग्रीसला लागू पडतात तसे आपल्याकडेही पडायला हरकत नव्हती.

आधी घारापुरी आठवली. तिथे तीन वाड्यांत लोक राहतात, आणि मुंबईच्या इतक्या जवळ असून कायमची वीज मात्र 2018 साली आली. पण लेण्यांमुळे दिवसभर बोटींची रीघ असते. जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जायचे, किल्ला बघायचा आणि परत यायचे. राहणे नाहीच. मालवणच्या सिंधुदुर्गात अजून काही कुटुंबे राहतात, शिवराजेश्वराचे मंदिर आहे, पण मार्चमधला कुठलाही शनिवार-रविवार तिथे गर्दीचाच. राहता राहिले गोव्यातले दिवाडी. गोव्यात शांतता शोधायची म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत डुलकी काढण्यासारखे, असे आमची ही म्हणाली. पण दिवाडी समुद्रात नाही. ते मांडवी नदीच्या पात्रात आहे, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. त्याला वाळूचा किनारा नाही, म्हणून किनाऱ्याची गर्दीही नाही. आणि पूल नाही. माणूस असो की मोटार, फेरीबोटीनेच जायचे. गंमत म्हणजे कोकण रेल्वेचा मार्ग याच बेटावरून गेलेला आहे, पण गाडी थांबते ती नदी ओलांडल्यावर करमळीला. बेटावर स्टेशनच नाही.

सणांचे गणितही जमले. दिवाडीचा गाजलेला उत्सव म्हणजे बोंदेरा, तो ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. शेताच्या हद्दीवरून गावकऱ्यांत होणाऱ्या भांडणांतून आणि हद्दीवर रोवलेल्या निशाणांतून तो निघाला असे सांगतात. त्या दिवशी बेटावर पाय ठेवायला जागा नसते. कार्निव्हल फेब्रुवारीत संपलेला होता. त्यानंतर ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, त्यात लग्नकार्ये, धामधूम नसते. आणि आपल्या बाजूने फाल्गुन, शिगमा अजून आठ-दहा दिवसांवर. म्हणजे दोन्ही धर्मांच्या पंचांगांत मार्चचा मध्य मोकळा सापडला. आम्ही सोमवार ते गुरुवार अशी तारीख धरली, कारण रविवारी मोटारसायकलींचे जथे येतात असे खोली देणाऱ्या बाईंनी फोनवरच सांगून टाकले होते.

सोलापूरहून विजापूर, बेळगाव आणि चोर्ला घाट या वाटेने गेलो. चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. विजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी उरकलेली रानं, घाट उतरलो की हिरवे सगळे. बहुतेक लोक जुन्या गोव्याच्या बाजूने दिवाडीला जातात. मी मुद्दाम डिचोलीकडून नार्वे गाठले, कारण तिथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे आणि देवळाची हकिकत याच बेटाशी बांधलेली आहे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ मंदिर दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले. लिंग एका विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी वापरले जात होते आणि भक्तांनी ते गुपचूप नदीपलीकडे नेले, असे लोक सांगतात. तिथे नव्या गावाला त्यांनी नावही जुन्याच गावाचे दिले, नार्वे. 1668 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन 2023 साली देऊळ नव्याने खुले झाले. जांभ्या दगडाचे, बसके, समोर दीपमाळ असलेले हे देऊळ भव्य नाही. वहिनी तिथे बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "देवालासुद्धा घर सोडावं लागलं." मी काही बोललो नाही.

देवळापासून थोडे खाली उतरले की धक्का. देव ज्या पाण्यावरून आला त्याच पाण्यावरून आम्ही उलट दिशेने गेलो. फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफा, पुढची फळी धक्क्यावर टेकते आणि गाडी सरळ आत. पायी माणसाला तिकीट नाही. दोन शाळकरी मुले, मासळीची टोपली घेतलेली एक बाई, दोन स्कूटर आणि आम्ही. पाच मिनिटांत पलीकडे. त्या पाच मिनिटांत गाडीचे इंजिन बंद, आणि सकाळपासून पहिल्यांदाच सगळे गप्प.

बेट लहान आहे. मधल्या टेकडीवर पिएदाद गावाचे चर्च, तिथून चारी बाजूंना नदीचे फाटे दिसतात आणि समोर जुन्या गोव्याची चर्चे. टेकडीवरच्या दफनभूमीत एक लहानशी खोली आहे. तिचे नक्षीचे दगडी छत जुन्या देवळाचे उरलेले आहे. इथला गणपतीही असाच नदीपार गेला, तो आज खांडोळ्याला महागणपती म्हणून पूजला जातो. घरे जुनी, कौलारू, पुढे ऐसपैस पडवी. निम्म्या घरांना कुलपे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो तेवढाच काय तो आवाज.

मला सगळ्यांत आवडली ती मात्र इथली खाजने. टेकडीच्या खालची सगळी सपाट जमीन नदीच्या पातळीच्या जवळपास, काही ठिकाणी भरतीच्या पाण्यापेक्षा खालीच आहे. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी मातीचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून काढून घेतली. बांधात जागोजाग लाकडी दारे बसवलेली असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी दार लोटून बाहेर जाते. ना वीज, ना माणूस. पावसाळ्यात शेतातले मीठ धुऊन जाते आणि कोरगूट नावाचा खारेपणा सोसणारा भात होतो. दाराशी जाळे लावून कोळंबी आणि मासळी धरतात. आमच्या जिल्ह्यात उजनीचे पाणी आपल्या शेतापर्यंत यावे म्हणून माणसे भांडतात, इथे पाणी शेतात येऊ नये म्हणून पिढ्या खपल्या. मात्र बांध दरवर्षी पाहावा लागतो. एक ठिकाण फुटले की सगळ्यांची शेते खारी होतात, म्हणून तो गावाने मिळून राखायचा अशी जुनी रीत. आता शेती करणारे हात कमी झाले आणि काही खाजने पडीक आहेत, तिथे खारफुटी उगवली आहे. पक्ष्यांची त्याला हरकत नसते. शेजारच्या चोडण बेटावर तर खारफुटीतच सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. पण हिवाळी पाहुणे मार्चमध्ये परतीच्या वाटेवर असतात, त्यासाठी जाणाऱ्याने डिसेंबर-जानेवारीत जावे.

हवेबद्दलही सांगून ठेवतो. सोलापुरात त्या आठवड्यात पारा चढू लागला होता, तो इथे कमी होता, पण घाम दुप्पट. आपली सोलापूरची सुकी भट्टी बरी वाटावी असा दमटपणा दुपारी असतो. अकरा ते चार घरात पडून राहावे, हेच गाववाले करतात. एप्रिलमध्ये जाऊ नये असे माझे मत. काजूच्या बोंडांचा वास मार्चमध्येही येतोच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसलो असताना मी घरवाल्या बाईंना म्हणालो, "बाई, पूल नाही म्हणून तुमचे गाव इतके छान राहिले." मला वाटले त्या खूश होतील. त्या हसल्या नाहीत. मराठी-कोकणी मिसळून त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांच्या नवऱ्याला रात्री छातीत दुखू लागले तेव्हा फेरीबोट पलीकडच्या काठावर होती. ती येईपर्यंत धक्क्यावर गाडीत बसून राहावे लागले. ते वाचले. पण त्या रात्रीपासून मुलगा पणजीत राहायला आला नाही तर चला म्हणून मागे लागला आहे. पूल व्हावा का, यावर त्यांच्या घरातच दोन मते. मुलाला हवा आहे. नवऱ्याला नको, कारण पूल झाला की जमिनीचे दर वाढतील आणि खाजने विकली जातील. "आणि तुम्हाला?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "रात्री हवा, दिवसा नको."

मी माझ्या वहीतला पहिला प्रश्न आठवला. पोचणे कितपत अडचणीचे आहे, हे मी चार दिवसांच्या पाहुण्याच्या नजरेने विचारले होते. जी अडचण मला शांतता म्हणून मिळत होती ती या बाई रोज भोगत होत्या. सिफनोसलाही हे असणारच. भाच्याला नंतर फोनवर विचारले, तर वारा सुटला की बोटी बंद होतात आणि माणसे अडकून पडतात, असे तिथल्या भटारखानेवाल्याने त्याला सांगितले होते म्हणे.

वहिनी मात्र हे सगळे ऐकत होत्या. वर्षभर रात्री-अपरात्री दवाखान्याची धावपळ त्यांनीच केली होती. त्या उठल्या आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. पुढे दोघी काय बोलल्या ते मला कळले नाही. दोघींची भाषा वेगळी, तरी तासभर बोलणे चालले होते. आम्हाला जेवायला उशीर झाला.

गुरुवारी सकाळी परत निघालो, या वेळी जुन्या गोव्याच्या धक्क्याने. फेरीबोट पलीकडे होती. आम्ही गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिलो. कोकण रेल्वेची एक गाडी बेटावरून धडधडत करमळीकडे निघून गेली. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि पाण्याकडे बघत विचारले, "भाऊजी, ती रात्री बोट किती वाजेपर्यंत असते हो?" मी धक्क्यावरच्या माणसाला विचारायला गेलो.