खिळा की कान?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या ऑफिसात नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर नावाचं यंत्र भिंतीवरून फिरवलं, तर ते फार वेळ गप्प बसणार नाही. दारामागच्या गंजक्या खिळ्यापाशी बोलेल, खिडकीच्या गजांपाशी बोलेल, लोखंडी कपाटाच्या बिजागरीपाशी बोलेल. हे यंत्र लपवलेले मायक्रोफोन आणि कॅमेरे हुडकण्यासाठी बनवलेलं आहे आणि गंज त्याला फसवू शकतो. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या गावात गंजाला तोटा नाही. त्यामुळे इथं या कामाची खरी कसोटी यंत्राने आवाज दिल्यानंतर सुरू होते. हा आवाज खिळ्याचा, की कुणी ठेवलेल्या कानाचा?

यंत्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते एका ठरावीक कंपनसंख्येची रेडिओ लहर भिंतीवर सोडतं. वाटेत डायोड, ट्रान्झिस्टर, चिप असं काही असेल, तर ते मूळ लहरीसोबत तिच्या दुप्पट आणि तिप्पट कंपनसंख्येच्या लहरीही परत पाठवतं. अर्धवाहकाचा हा स्वभावच आहे. उपकरण बंद असो, त्याची बॅटरी महिन्यांपूर्वी मेलेली असो, स्वभाव बदलत नाही. म्हणूनच रेडिओ संदेश पकडणाऱ्या यंत्राला जे सापडत नाही, ते इथं सापडतं. पण दोन धातू जिथं एकमेकांना टेकतात आणि मध्ये गंजाचा पापुद्रा बसतो, तिथंही नकळत असाच एक कच्चा डायोड तयार होतो. फरक एवढाच, की इलेक्ट्रॉनिक सर्किट दुपटीची लहर जास्त जोरात पाठवतं आणि गंज तिपटीची. जाणकार माणूस दोन्हींची तुलना करतो, मग रबरी हातोडीने भिंतीवर हलकेच ठोकतो. गंजाचा सांधा हादरला की त्याचा आवाज थरथरतो, फाटतो. सर्किटचा आवाज ढळत नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो, तशीच ही परीक्षा.

सिमेंटच्या इमारतीत आणखी एक पेच असतो. स्लॅबमधल्या, खांबांमधल्या सळया बारीक तारेने आवळून बांधलेल्या असतात. ओल आत पोचली की त्या गाठी गंजतात. म्हणजे जालन्यातच तयार झालेली सळई जालन्याच्याच भिंतीतून खोटी साक्ष देऊ शकते. भट्ट्यांचा त्रास वेगळा. इंडक्शन फर्नेस चालू असली की आसपास विजेचा कोलाहल माजतो. त्यात एखादी क्षीण लहर वेगळी ऐकायची म्हणजे जत्रेत कुजबुज ऐकण्यासारखंच. भट्टी थांबलेली असतानाची वेळ साधता आली, तर काम निम्मं सोपं होतं.

पण जालन्यात असं कोण कुणाचं ऐकणार, असं वाटणं साहजिक आहे. या शहराची कमाई दोन मोठ्या धंद्यांवर उभी आहे आणि दोन्हींत बोललेल्या शब्दाला किंमत आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव झालं. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याचं गुपित त्याच्या नर आणि मादी वाणांत असतं. बाजारातली पिशवी कुणीही विकत घेऊ शकतो, पण तिच्यातलं बी पेरून पुढच्या वर्षी तसंच पीक मिळत नाही. ते मिळवायचं तर मूळचे दोन वाण हवेत. ते कोणते, त्यांचे प्लॉट कोणत्या गावात घातले आहेत, कोणतं बियाणं यंदाच्या खरिपात उतरवायचं, हे सगळं कुठल्या तरी बंद खोलीत बोललं जातं. स्टीलमध्ये तर मुदत याहून छोटी. सळईचा भाव रोज फिरतो. भंगार कुठल्या भावाने उचलायचं, किती टनांचा सौदा धरायचा, याचं एक वाक्य सकाळी फुटलं तर संध्याकाळपर्यंत नुकसान पोचतं. इथल्या अमुक कंपनीत कान सापडला, असं मी म्हणत नाही. चोरण्याजोगं काही इथं आहे, एवढंच म्हणतो.

या कामाला धंद्यातले लोक ‘स्वीप’ किंवा ‘डीबगिंग’ म्हणतात. त्याचा पहिला नियम साधा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा आहे: ज्या खोलीवर संशय आहे तिथून, किंवा ज्या फोनवर संशय आहे त्यावरून, तपासणीसाठी फोन करायचा नाही. ऐकणारा ते ऐकतो आणि दुरून आपलं यंत्र बंद करतो, नाहीतर येऊन घेऊन जातो. दुसरा नियम, तपासणी चालू असताना खोलीत काय चाललं आहे ते बोलायचं नाही. उलट रेडिओ किंवा गाणी लावून ठेवायची, कारण काही उपकरणं आवाज झाल्यावरच जागी होतात.

याचं गाजलेलं उदाहरण मॉस्कोचं आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं आणि ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं. आत लेऑन थेरेमिनने बनवलेला मायक्रोफोन होता. त्याला ना बॅटरी, ना तार. बाहेरून रेडिओ लहर सोडली की तो जागा व्हायचा, लहर थांबली की लाकडाइतकाच निर्जीव. सात वर्षं तो ऐकत राहिला. १९५२ मध्ये राजदूत जॉर्ज केनन यांनी मुद्दाम आपल्या सेक्रेटरीला मजकूर सांगायला सुरुवात केली, म्हणजे पलीकडचा ऐकणारा लहर सोडेल. त्यांचं बोलणं चालू असतानाच तंत्रज्ञ घरभर फिरले. शेवटी एकाने ते राजचिन्ह भिंतीवरून उतरवलं आणि मागची भिंत गवंड्याच्या हातोडीने फोडायला घेतली. भिंतीत काही नव्हतं. मायक्रोफोन उतरवून ठेवलेल्या लाकडातच होता.

तपासणी बाहेरून आत येते. आधी इमारतीबाहेर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून त्या परिसरात एरवी कोणत्या लहरी आहेत ते नोंदवायचं: मोबाइलचे टॉवर, एफएम, शेजारचं वायफाय. मग खोलीत तीच मोजणी. बाहेर नसलेलं किंवा आत जास्त जोरात येणारं जे काही असेल, त्याचा माग काढायचा. पण सिमकार्ड घातलेलं उपकरण सतत बोलत नाही. ते चार्जरच्या किंवा एक्स्टेन्शन बोर्डच्या रूपात बसतं, बाहेरून त्या नंबरवर फोन आला की न वाजता उचलतं आणि खोली ऐकवतं. एरवी अधूनमधून टॉवरला हजेरी देण्यापुरतं क्षणभर जागं होतं. मेमरी कार्डवर नुसतं साठवणारं उपकरण तर काहीच पाठवत नाही. इथं अ‍ॅनालायझर हात टेकतो. पुढे डिटेक्टर आहे, उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे आणि सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात महत्त्वाचे, डोळे आणि बोटं आहेत.

या हातांच्या कामाविषयी मला विशेष आदर वाटतो. स्विचबोर्डचे स्क्रू नुकतेच फिरवल्यासारखे चकाकतात का, सॉकेटभोवतीच्या रंगाची कड तुटली आहे का, फॉल्स सीलिंगच्या एकाच तुकड्यावर बोटांचे डाग आहेत का, धूळ सगळीकडे असताना एका जागी पुसलेली का आहे. चांगला माणूस प्रत्येक बोर्ड उघडतो, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते पाहतो आणि जिचं दुसरं टोक सापडत नाही तिला सोडत नाही. मध्यम आकाराच्या एका केबिनला तासन् तास लागतात. अर्ध्या तासात अख्खं ऑफिस ‘क्लीन’ करून देणाऱ्याने फक्त एक फेरफटका मारलेला असतो.

आणि काही न सापडणं हाही खरा निकाल असू शकतो. २०१० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या नॉर्थ ब्लॉकमधल्या कार्यालयात सोळा जागी चिकट पदार्थ लावलेला आढळला. त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून चौकशी मागितली. २०११ मध्ये ही बातमी बाहेर आली, तेव्हा गुप्तचर विभागाचं म्हणणं होतं, की ते च्युइंगगम असावं. मायक्रोफोन कुठेच नव्हता. देशाच्या अर्थमंत्र्याच्या खोलीतही निश्चित उत्तर मिळालं नाही, तर एखाद्या कारखानदाराला छातीठोक हमी देणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? प्रामाणिक तपासनीस कोणकोणत्या जागा, कोणत्या यंत्राने, किती वाजता पाहिल्या हे लिहून देतो आणि कुठे पोचता आलं नाही तेही लिहितो.

हमी देणारे बरेच आहेत, कारण या धंद्याला आपल्याकडे परवानाच लागत नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे आधी काम केलेल्या दोन ठिकाणी विचारणं, लेखी गोपनीयता करार करणं, हीच काय ती आपल्या हातातली चाळणी. कुणी जॅमर लावायचा सल्ला दिला, तर त्याला तिथूनच परत पाठवावं. सरकारी परवानगीशिवाय खासगी व्यक्तीने जॅमर वापरणं बेकायदा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा पिपाणीसारखा वाजणारा डिटेक्टर मोबाइलपाशीही वाजतो, राउटरपाशीही वाजतो, आणि मेमरी कार्डवाल्या कॅमेऱ्याच्या शेजारी निवांत गप्प बसतो.

केबिनमालकांना हे सगळं परवडतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्या खोल्यांची.

जुलै २०२१ मध्ये पुण्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात राहणाऱ्या शिकाऊ महिला डॉक्टरच्या खोलीतला बल्ब लागेना. तिने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने पाहिलं, तर बल्बमध्ये छुपा कॅमेरा होता. तपासानंतर एका डॉक्टरला अटक झाली. तिथं कोणतीही तज्ज्ञ संस्था नव्हती, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नव्हता. आपला बल्ब का लागत नाही हे विचारणारी एक मुलगी होती आणि बल्ब उघडून पाहणारा एक कारागीर होता. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये तीस मोटेल्समधल्या खोल्यांत टीव्हीच्या बॉक्समध्ये, सॉकेटमध्ये, हेअर ड्रायरच्या खुंटीत कॅमेरे सापडले आणि सुमारे सोळाशे माणसांचं चित्रीकरण झाल्याचं उघड झालं. एअरबीएनबीने २०२४ मध्ये भाड्याच्या घरांत आतल्या बाजूला कॅमेरे लावण्यावर जगभर बंदी घातली.

जालन्यात आता मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरहून मुली शिकायला येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. मुलीसाठी खोली पाहताना आपण काय पाहतो? मी स्वतः पाहिलं होतं ते भाडं, पाणी किती वेळ येतं, मालक कसे वाटतात आणि दाराची कडी. स्विचबोर्डकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. ही चूक आजही मला बोचते.

पाहायचं ते फार नाही. पलंग किंवा न्हाणीघर यांच्याकडे तोंड असलेली प्रत्येक वस्तू: बल्ब, घड्याळ, चार्जर, धूर ओळखणारी डबी, एक्झॉस्ट फॅन, हुक. जी वस्तू तिथं असायचं कारण नाही तिला कारण विचारावं. खोली पूर्ण काळोखी करून टॉर्च डोळ्यांशेजारी धरून सावकाश फिरवली, तर भिंगाचा बारीक ठिपका परत चमकतो. वेगवेगळ्या कोनांतून फिरवावी लागते, घाई चालत नाही. आरशाला बोट टेकवून पाहण्याची जी परीक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती भरवशाची नाही. आरसा भिंतीत बसवलेला असेल तर टॉर्च काचेला टेकवून, दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून आत पाहावं. वायफायवर कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत हे मोबाइलमध्ये दिसतं, पण त्यात काही दिसलं नाही म्हणून खोली सुरक्षित ठरत नाही.

शाळा-महाविद्यालयांची वसतिगृहं तर हे काम सहज करू शकतात. दर सत्राच्या सुरुवातीला मुलींच्या दोन प्रतिनिधी, रेक्टर आणि एक वायरमन यांनी मिळून प्रत्येक बोर्ड, प्रत्येक होल्डर उघडून पाहायचा आणि वहीत सह्या करायच्या. त्याला एका दिवसाची मजुरी लागते.

घरातल्या घरात नवरा-बायकोंनी एकमेकांवर ठेवलेल्या पाळतीची गोष्ट अधिक अवघड. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराच्या नकळत केलेलं फोनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून विचारात घेता येईल, असा निकाल दिला. त्याचा अर्थ झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावायला मुभा मिळाली, असा कुणी काढू नये. स्त्रीचं खासगी क्षणांतलं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे: पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम पुरुषालाही संरक्षण देतं. आणि घरातल्या माणसावरच संशय असेल, तर फोनमधलं पाळत ठेवणारं अ‍ॅप काढण्याआधी आपण सुरक्षित जागी आहोत ना, हे पाहावं. अ‍ॅप गेलं, की पाळत ठेवणाऱ्याला ते कळू शकतं.

खरंच काही सापडलं, तर पहिली ऊर्मी ते उपटून काढायची असते. तेवढी आवरायची. उपकरणावर ठसे असतात, मेमरी कार्डात कधीकधी बसवणाऱ्याचा स्वतःचा चेहराही असतो, कारण कोन जमतो का हे तोच पहिल्यांदा पाहतो. सिमकार्ड असेल तर ते कुणाच्या तरी नावावर असतं. हलवलं, धुतलं, फोडलं, की पोलिसांच्या हाती यातलं फारसं उरत नाही. जागेवरच फोटो काढावा, तारीख-वेळ लिहून ठेवावी, खोलीला कुलूप लावावं, किल्ली आपल्याजवळ ठेवावी. मग त्या इमारतीतून बाहेर पडून, दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून, ११२ लावावा.