हौद्यातली तांबडी माती

निपाणीहून महामार्गाने उत्तरेला निघालं की 40 किलोमीटरवर कोल्हापूर. तिथल्या खासबागेत जंगी कुस्त्यांच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. पण हे मैदान नीट बघायचं असेल तर हलगी वाजत नसताना जावं. मग कळतं की इथली खरी करामत पायाखाली आहे.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी 1902 साली राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी असंच मैदान बांधायचं मनात घेतलं. 1912 मध्ये खासबागेचं मैदान खुलं झालं, ते गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने.

मधोमध कुस्तीचा मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली गोल बैठक, अशी परातीसारखी याची रचना. ती अशी का, हे कुस्तीच सांगते. पैलवान पट काढायला झेपावतो तेव्हा तो प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याखाली गेलेला असतो. निकाल तर त्याहून खाली लागतो, पाठ मातीला टेकते तिथे. म्हणून प्रत्येक रांगेची नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. हा उतार ते काम करतो. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. अगदी वरच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यालाही चितपट झाली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

कोलोसियममधली पडद्यामागची दुनिया जमिनीखाली होती. वाळू पसरलेल्या लाकडी तळाखाली बोळ, पिंजरे आणि माणसांनी ओढायचे पाळणे होते. खासबागेत खाली तळघर नाही. इथे जी काही यंत्रणा आहे ती म्हणजे हौद्यातली माती.

ही माती तांबडीच का? निपाणी भागातल्या तंबाखूच्या शेतकऱ्याला याचं उत्तर निम्मं ठाऊक असतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळून तिची दगडासारखी ढेकळं होतात. तिच्यातली चिकणखनिजं पाणी थरांमध्ये ओढून घेतात. तांबड्या मातीत अशी खनिजं कमी आणि लोहाची ऑक्साइडं जास्त. ती फारशी फुगत नाही आणि तिचा भुसभुशीतपणा राखता येतो. अशा मातीवर पैलवान आदळला की माती दबते आणि धक्का क्षणभर लांबतो. थांबायला जितका वेळ जास्त मिळेल तितका हाडांवरचा मार कमी.

नुसती माती आणून ओतली म्हणजे हौदा होत नाही. आधी ती चाळून खडा न् खडा वेचतात. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवतात. प्रत्येक वस्तादाचं प्रमाण वेगळं. तेलाने धूळ बसते आणि माती मऊ राहते. हळद-ताकाने अंगाला इजा होत नाही, असं तालमीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. लढतीत हीच माती शस्त्र होते. घामाने निसटणाऱ्या मनगटावर चिमूटभर माती चोळली की पकड बसते.

मातीचा हा गुण साता समुद्रापार बेसबॉलवाल्यांनाही सापडला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये नवा कोरा चेंडू तसाच खेळायला घेत नाहीत. न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठचा चिखल त्याला हाताने चोळतात. लीना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने 1938 च्या सुमारास ही रीत सुरू केली आणि चिखल नेमका कुठून काढतात हे आजही गुपित आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये या चिखलाने पकड का बसते याचं कारण उलगडलं. बारीक चिकणमातीचा पातळ थर चामड्यावर बसतो आणि त्यात अडकलेले थोडे वाळूचे कण घर्षण वाढवतात. चेंडू असो की मनगट, गुळगुळीत गोष्ट मुठीत धरायला माणूस शेवटी मातीकडेच वळला.

निपाणी-चिकोडीकडच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचं कोल्हापूरच्या मातीशी नातं तर रक्ताचं आहे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि 1959 साली दिल्लीत बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाले. राज्याची हद्द मध्ये आली, तरी इकडच्या पोरांनी कोल्हापूरच्या हौद्याची वाट सोडली नाही.

आज आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते आणि महाराष्ट्र केसरीत माती आणि मॅट असे दोन विभाग आहेत. मॅट एकदा अंथरली की झालं. हौद्याचं तसं नाही. तो रोज खोऱ्याने उकरावा लागतो, नाहीतर माती दबून टणक होते. हे काम तालमीतली पोरंच करतात आणि त्यातच त्यांचे खांदे, कंबर, दम तयार होतो. म्हणजे पैलवान माती घडवतो आणि ती घडवताना स्वतः घडतो. खासबागेची दगडी बांधणी शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली, कारण ती एकदा उत्तम बांधली. हौदा टिकला तो रोज कुणीतरी खोरं हाती घेतलं म्हणून. आपल्या गावच्या तालमीत ते खोरं चालतं ठेवणं, हे आपल्याच हातात आहे.